पेढे न आलेल्यांची हजेरी

“पोतदारबाई, हे उघडायच्या आत माझ्या नातवाचं लग्नाचं वय होईल,” वेदपाठक म्हणाले आणि त्यांनी तिसऱ्यांदा मनगटावरचं घड्याळ पाहिलं.

त्यांचा नातू तेव्हा बालवाडीत होता.

“उघडतंय,” मी म्हटलं. “वय झालंय त्याचं. माझे गुडघे तरी सकाळी उठल्या उठल्या कुठे वळतात?”

कॉम्प्युटरच्या पडद्यावर वाळूचं घड्याळ होतं, आणि ते काही हलत नव्हतं. खाली कार्यालयात कोणाचा तरी साखरपुडा होता. सनईची कॅसेट एकदा संपून पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली, तरी आमचं वाळूचं घड्याळ जागेवरच.

ही गोष्ट दोन हजार तीन सालच्या डिसेंबरातली. मिरजेत आमच्या समाजाचं मंगल कार्यालय आहे. त्याच्या माडीवरची एक खोली वधू-वर सूचक मंडळाची. शाळेतून निवृत्त झाले आणि दुसऱ्याच महिन्यात मी त्या खोलीत जाऊन बसले. त्याच वर्षी कोणीतरी मंडळाला कॉम्प्युटर भेट दिला. सगळे त्याच्याकडे लांबून बघायचे, म्हणून मी तीन महिने क्लास लावून तो शिकून घेतला. अठ्ठावन्नाव्या वर्षी. तेव्हापासून पाच वर्षं खोलीची किल्ली माझ्याकडे होती. घरी मी एकटीच. किल्ली कमरेला असली की सकाळी दहा वाजता बाहेर पडायला काहीतरी कारण असायचं.

वेदपाठक मंडळाचे अध्यक्ष. माणूस वाईट नव्हता, पण त्यांना थांबता येत नसे.

“पुढच्या रविवारी मेळावा,” ते म्हणाले. “या शुक्रवारी दुपारी बाराच्या आत परिचय पुस्तिका छापखान्यात गेली पाहिजे. नाहीतर मेळाव्यात वाटायचं काय? नुसता चहा?”

“जाईल.”

“कोल्हापूरचा माझा भाचा म्हणतोय, सगळं सीडीवर घालून द्या. तो तिकडे पुस्तिका करून देतो. आणि पुढचंही सगळं तिकडेच बघतो. इंटरनेटवर. लोक घरबसल्या स्थळं बघतील. तुम्हालाही हे जिने चढायला नकोत.”

पुढचंही सगळं म्हणजे काय, ते मला कळलं.

“शुक्रवारी बारा वाजता पुस्तिका छापखान्यात असेल,” मी म्हटलं.

“आणि नसली तर?”

“नसली तर किल्ली तुमच्या हातात.”

“बाई, मी तसं म्हटलं नव्हतं.”

“मी म्हटलं ना.”

ते जिना उतरून गेले आणि मी रशीदभाईंना फोन लावला.

रशीदभाई शिकलगार पूर्वी रेडिओ दुरुस्त करायचे. आमच्या शाळेचा रेडिओ त्यांनी इतक्या वेळा उघडला होता, की मुलं त्यांना आकाशवाणीचे साहेब समजत. रेडिओ यायचे बंद झाले तेव्हा पन्नाशीत त्यांनी मुलाच्या वर्गमित्रांच्या शेजारी बसून कॉम्प्युटरचं काम शिकलं. जेवण उरकून ते आले, ते एक पेचकस आणि भिंतीला रंग द्यायचा चार बोटं रुंद ब्रश घेऊन.

“काय ओ बाई, काय म्हणतंय मशीन?”

“हळू चालतंय.”

“किती वेळ घेतंय सुरू व्हायला?”

“छत्तीस मिनिटं. काल अडतीस लागली.”

“आणि नवीन होतं तेव्हा?”

“दोन.”

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. “मग रोज छत्तीस मिनिटं तुम्ही काय करता?”

“हजेरी घेते.”

त्यांना वाटलं, मी गंमत करतेय. ते खाली बसले, पेटीचे स्क्रू काढले, आत बघितलं आणि म्हणाले, “इथं मेथी पेरली तर आठ दिवसांत जुडी निघंल.” मग ब्रशाने पंखा झाडला, वातीवरची काजळी झाडावी तशा वायरी एकेक करून झाडल्या. धुळीने आम्ही दोघंही शिंकलो.

“धुळीनं आत तापतंय, ते खरं,” ते म्हणाले. “पण छत्तीस मिनिटांचं कारण ही धूळ न्हवं. करा चालू.”

मी बटण दाबलं. पडदा उजळला, वाळूचं घड्याळ आलं, आणि बऱ्याच वेळाने पहिलं पान उघडलं. वर फोटो, खाली नाव, जन्मतारीख, उंची, शिक्षण, अपेक्षा. मग त्याच्यावर दुसरं पान. मग तिसरं. रशीदभाई पेचकस हातात धरून उभेच.

“हे कोण उघडतंय?”

“आपोआप उघडतात.”

“आपोआप कशी? कुणीतरी सांगितलं असंल त्याला.”

“मीच सांगितलंय.”

मग मी त्यांना सगळं सांगितलं. क्लासच्या सरांनी एकदा दाखवलं होतं, की ‘स्टार्टअप’ नावाच्या फोल्डरमध्ये जे ठेवाल, ते मशीन सुरू होताच आपोआप उघडतं. मला ते फार आवडलं. त्याच आठवड्यात एक बाई आल्या, डोळ्यांत पाणी आणून म्हणाल्या, आमची सुलभा मागे पडायला नको हो. मी म्हटलं, काळजी करू नका, रोज सकाळी मशीन लावलं की आधी सुलभाच दिसेल मला. त्या समाधानाने गेल्या. त्यांनी ते त्यांच्या जावेला सांगितलं. जाऊ आली. मग जावेची विहीण आली. ज्यांचं फारच अडलंय, त्यांना मी तिथे ठेवत गेले. सकाळी एकेक पान उघडायचं, मी मनात नाव घ्यायचे, आज याच्यासाठी कोणाला पत्र टाकता येईल याचा विचार करायचे, तोवर पुढचं उघडायचं. चाळीस वर्षं शाळेत तेच केलं होतं. नाव घेतल्याशिवाय दिवस सुरू झाल्यासारखा वाटत नसे.

“किती हायत?”

“एकशे सदतीस.”

रशीदभाई खुर्चीवर बसले. त्यांनी पाणी मागितलं. प्यायले.

“बाई, असं समजा. वर्गावर एक मास्तर हाय. प्रार्थना व्हायच्या आधीच एकशे सदतीस पालक वर्गात शिरले. प्रत्येकजण म्हणतोय, माझं आधी ऐका. मास्तर शिकवायला सुरुवात कधी करंल?”

“शिकवणारच नाही. मी असते तर खिडकीतून उडी मारली असती.”

“ह्याला खिडकी न्हाई. ते सगळ्यांना थोडं थोडं ऐकून घेतंय बिचारं.” त्यांनी माउस हातात घेतला आणि आत काय काय आहे ते बघायला लागले. “आणि ही तीन काय भानगड?”

“पत्रिका जुळवायचे प्रोग्राम. एकात मंगळ कडक दाखवतात, दुसऱ्यात सौम्य.”

“आणि तिसऱ्यात?”

“तिसरा पालकांच्या समाधानासाठी.”

“तिन्ही सकाळपासनं उठून बसलेत. आणि व्हायरसवर राखण करायला दोन दोन ठेवलेत तुम्ही. दोन वॉचमन एका दारात. आल्यागेल्याला दोघंही अडवणार, आणि मोकळा वेळ मिळाला की एकमेकाला इचारणार, तू कोण रं? फोटो बघा केवढाले घातलेत. एकेक फोटो छापला तर कार्यालयाच्या कमानीवर लागंल. डिस्क गच्च. काम करताना त्याला जरा सामान खाली ठेवायला जागा लागती, तीपण न्हाई.”

“म्हणजे म्हातारं नाही झालं ते?”

“मशीन कुठं म्हातारं होतंय ओ? बिघडलं तर एका दिवसात बिघडतंय. हे नुसतं वझ्यानं वाकलंय.” ते थांबले. “सगळं पुसून नव्यानं भरू? तासाभरात दोन मिनिटांवर येतंय.”

“पुसून?” माझा आवाज चढला असावा, कारण त्यांनी माउस सोडून हात वर केले.

“बरं, न्हाई पुसत. एकेक बघू. हिचं काय?” सगळ्यात वर जे पान होतं, त्यावर त्यांनी बोट ठेवलं.

“लग्न झालं. नाशिकला दिली. दोन मुली आहेत.”

“मग हितं काय करतीय?”

“पेढे नाही आले.”

हे त्यांना कळेना. मी भिंतीकडे बोट दाखवलं. मंडळ ज्यांनी सुरू केलं त्या अण्णांनी स्वतःच्या हाताने लिहून लावलेली पाटी तिथे होती. ‘लग्न जमल्याचे पेढे मंडळात आल्याखेरीज कोणाचेही नाव कमी करू नये.’ फार पूर्वी एकदा कोणाच्या तरी सांगण्यावरून एका मुलीचं नाव कमी केलं, ते लग्न मोडलं, आणि नाव यादीत नाही म्हणून तिची दोन वर्षं फुकट गेली. तेव्हापासूनचा नियम.

“मग लोक पेढे का आणत न्हाईत?”

“लग्न मंडळातून जमलं असं कोणाला सांगायचं असतं? सगळ्यांची लग्नं ओळखीतून जमतात. जमेपर्यंत आमच्या पायरीवर चपला झिजवतात, जमल्यावर बाजारात दिसले तर भाजीत तोंड घालून उभे राहतात.”

“आणि हा?”

“ह्याचं झालं, मोडलं, पुन्हा झालं.”

“म्हणजे दोनदा बुडवले पेढे. हा टाय लावलेला?”

“दोन मुलांचा बाप आहे तो. मागच्या मेळाव्यात त्याला तीन स्थळं सांगून आली. त्याची बायको इथे येऊन माझ्याशी कडाकडा भांडून गेली.”

“ती तरी पेढे घेऊन आली असंल?”

“भांडायला येताना कोण पेढे आणतं, रशीदभाई?”

ते हसले, मग एकदम हसायचे थांबले. “बाई, शुक्रवारी पुस्तिका द्यायची हाय म्हणता. त्यात ही लग्न झालेली मंडळीपण जाणार?”

“दरवर्षी जातात. नियम आहे.”

ते उठले आणि जिना उतरून गेले. मला वाटलं, कंटाळून गेले. मी एकटीच त्या पानांकडे बघत बसले. दहा मिनिटांनी ते परत आले, टेबलावर पेढ्यांचा खोका ठेवला, त्याचा दोरा सोडला आणि अण्णांच्या पाटीकडे वळून मोठ्याने म्हणाले, “मंडळात पेढे आले! ज्यांची ज्यांची लग्नं झाली, त्या समद्यांचे आले.”

“अहो, ते त्यांनी आणायला हवेत.”

“पाटीवर कुठं लिहिलंय कुणी आणायचे?”

मी पाटी पुन्हा वाचली. चाळीस वर्षं व्याकरण शिकवलं, पण त्या वाक्यात मला काही हरकत सापडेना. एक पेढा घेतला. कंदी पेढा, जरा जास्त भाजलेला, चांगला होता.

मग आम्ही कामाला लागलो. मी सांगायचे, ते करायचे. लग्न झालेल्यांची नावं यादीतून कमी. लग्न न झालेल्यांसाठी त्यांनी ‘कपाट’ नावाचं नवं फोल्डर केलं. “ह्यातनं नाव जात न्हाई,” ते म्हणाले. “फक्त रोज सकाळी येऊन दार वाजवत न्हाई. तुम्हाला पाहिजे तेव्हा कपाट उघडा.” पहिली काही पानं कपाटात टाकताना मला जड गेलं. सुलभा मात्र पेढ्याच्या बाजूला निघाली. पुण्याला तिचं छान चाललं होतं, शिवणाचा क्लास काढला होता तिने. मी प्रत्येकाची बातमी सांगत होते आणि रशीदभाई “हां, मुबारक,” असं म्हणत एकेक बंद करत होते. खालचा साखरपुडा संपला, सनई थांबली, मांडववाले खुर्च्या एकात एक घालायला लागले. एक्याण्णव जणांचे पेढे आले. पंचेचाळीस कपाटात गेले.

एक पान उरलं. मशीन चालू झालं की सगळ्यात आधी जे उघडायचं ते, म्हणून ढिगाच्या तळाशी.

“शिरीष दत्तात्रय पोतदार,” रशीदभाईंनी वाचलं. “बडोदा. उंची पाच आठ. जन्म सहासष्टचा.” मग ते माझ्याकडे न बघता म्हणाले, “पोतदार?”

“माझा मुलगा.”

“झालं लग्न?”

“नाही.”

“मग कपाटात ठेवू?”

मी टेबलावर पडलेले पेढ्याचे कण बोटाने गोळा करायला लागले.

“करायचं म्हणतोय का?”

“नाही म्हणतो. पहिल्यापासून नाही म्हणतो. कोणी दुसरी मनात आहे, असंही नाही. आई, मला असंच बरं वाटतं, म्हणतो.”

“मग फॉर्म कसा भरला त्यानं?”

मंडळात फॉर्मवर ज्याची त्याचीच सही लागायची. आईबापांनी केलेली सही मी चालवून घेत नसे. वेदपाठकांच्या पुतणीचा फॉर्मसुद्धा मी दोनदा परत पाठवला होता. शिरीषच्या फॉर्मवर त्याची सही होती. ती मी त्याच्या कॉलेजच्या वहीत बघून, चार वेळा पाठकोऱ्या कागदावर गिरवून, मग केली होती. पाच वर्षं तो प्रत्येक पुस्तिकेत छापला जात होता, आणि मी ती पुस्तिका त्याच्या दृष्टीला पडू देत नव्हते.

हे मी रशीदभाईंना सांगितलं नाही. मी नुसतंच म्हटलं, “मी भरला.”

त्यांनी चष्मा पुसला. पेढ्यांचा खोका बंद करून दोरा बांधला.

“मी खाली चहा सांगून येतो,” ते म्हणाले. “येतो म्हणजे, जरा वेळानंच येतो.”

फोटो शिरीषचा जुना होता, मिशी होती तेव्हाचा. अपेक्षा या रकान्यात मी लिहिलं होतं, ‘घरात मिसळून राहणारी.’ घर म्हणजे मिरजेचं. तिथे मी एकटीच होते. तो शेवटचा येऊन गेला त्याला तीन वर्षं झाली होती. त्या दिवाळीत बाहेरच्या खोलीत जयसिंगपूरचे एक गृहस्थ मुलीला घेऊन सहज म्हणून बसले होते, आणि त्याआधीच्या दिवाळीत तासगावचे. त्यानंतर दर दिवाळीला त्याला रजा मिळेनाशी झाली.

मी माउस हातात घेतला. पान कपाटात टाकलं नाही. यादीतूनच काढलं. मग फायलींच्या शेल्फावरून त्याचा कागदी फॉर्म काढला, सहीसकट चार तुकडे केले आणि पर्समध्ये ठेवले, कारण तिथल्या टोपलीत ते कोणी जोडून वाचलं असतं.

रशीदभाई चहा घेऊन आले तेव्हा पडदा मोकळा होता. त्यांनी एक राखणदार काढून टाकला, पत्रिकेचे तीनपैकी दोन प्रोग्राम काढले, फोटो लहान केले. पुन्हा सुरू केलं. अडीच मिनिटं.

“तुमच्या जुन्या दोन मिनिटांवर न्हाई गेलं,” ते म्हणाले. “थोडं तर राहणारच.”

पुस्तिका गुरुवारी संध्याकाळीच छापखान्यात पोचली. वेदपाठकांनी कच्ची प्रत उभ्या उभ्या चाळली आणि मध्येच थांबले.

“यंदा चिरंजीव नाहीत पुस्तिकेत? जमलं की काय? बाई, गुपचूप?”

“जमलं नाही. काढलं.”

“का हो? चांगला इंजिनिअर मुलगा.”

“त्याची सही नव्हती.”

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. पाच वर्षं काय चाललं होतं ते त्यांना त्या क्षणी कळलं असावं. पण माणूस वाईट नव्हता म्हटलं ना. ते म्हणाले, “आणखी दहा वर्षं हा जिना चढायची तयारी ठेवा. माझा भाचा तसाही वेंधळाच आहे.”

त्या संध्याकाळी घरी येऊन मी बडोद्याला फोन लावला. एरवी रविवारी तोच करायचा, तीन मिनिटं, तब्येत आणि हवा.

“काय झालं?” शिरीष घाबरला. “बरी आहेस ना?”

“बरी आहे. एक सांगायचं होतं. तुझं नाव मी काढलं.”

“कुठून?”

“मंडळातून. पाच वर्षं होतं. तुला न विचारता घातलं होतं.”

मग तो हसायला लागला.

“आई, मला माहीत होतं. मागच्या महिन्यात शहापूरच्या एका गृहस्थांनी ऑफिसात फोन करून माझा रक्तगट विचारला.”

“अगं बाई! मग तू काय केलंस?”

“सांगितला. बी पॉझिटिव्ह. फार आनंद झाला त्यांना.”

“मला कधी बोलला नाहीस.”

“तू कधी बोललीस?”

मी म्हटलं, “सहीसुद्धा मीच केली होती रे.”

“जमली होती का?”

“ष जरा चुकला.”

तो पुन्हा हसला. मग एकदम गंभीर होऊन म्हणाला, “संक्रांतीला चार दिवस रजा मिळेल. येऊ?”

“विचारतोस काय?”

“बाहेरच्या खोलीत कोणी बसलेलं नसेल ना?”

“कोणी नसेल.”

संक्रांतीच्या आदल्या दिवशी तो सकाळच्या गाडीने आला. मी दार उघडलं. मिशी काढलेली होती, वजन वाढलं होतं. बॅग खांद्यावर तशीच ठेवून त्याने उंबऱ्याबाहेरूनच आत मान घातली, बाहेरच्या खोलीत आधी कॉटकडे बघितलं, मग दोन्ही खुर्च्यांकडे. दाराच्या मागेसुद्धा बघितलं.

कोणी नव्हतं.

मग त्याने बूट काढले.